छातीवरचं नाव

भिंगार
१६ डिसेंबर २०२५

रेश्माताई यांस,
नमस्कार.

ओंकारच्या शवविच्छेदनाचा अहवाल आला आहे. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, काल संध्याकाळी त्यांनीच मला तो वाचून दाखवला. हृदयाच्या स्नायूला सूज होती. अंगात आधीपासून ताप असावा आणि त्यातून हे झालं, असं ते म्हणाले. ‘तापात पळायला नको होतं,’ एवढंच बोलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ठाण्यातले हवालदार सहादेव तुम्हाला रीतसर कळवतीलच. त्यांच्याआधी आमच्याकडून कळावं म्हणून हे लिहितो आहे. ओंकारचा मोबाईल बंद लागतो. तुमचा नंबर माझ्याजवळ नाही. पत्ता मात्र आमच्या गटाच्या यादीत होता.

तुम्ही मला दवाखान्यात पाहिलं असेल, पण ती ओळख करून देण्याची वेळ नव्हती. मी शामकांत धर्माधिकारी. एका शाळेत मुख्य लिपिक होतो, आता निवृत्त आहे. पहाटे पळणाऱ्या आमच्या गटात वयानं सगळ्यांत मोठा, म्हणून सगळे काका म्हणतात. ओंकारही म्हणायचा. एमआयडीसीतली रात्रपाळी संपली की तो खोलीवर न जाता तसाच यायचा, बूट पिशवीत घालून. आम्ही अंग मोकळं करत असायचो तेव्हा हा माझ्या घराच्या पायरीवर बसून नाड्या बांधायचा. मी एकदा विचारलं, ‘अरे, रात्रभर मशीनपुढे उभा राहतोस, वर पुन्हा पळतोस कशाला?’ तर म्हणाला, ‘काका, तितं मशीन मला पळवती. हितं माझा मी पळतो.’ पोलीस भरतीत तीनदा थोडक्यात हुकल्याचं त्यानंच सांगितलं होतं. भरतीचं वय उलटलं तरी पळणं सोडलं नाही, असा आमच्यात तो एकटाच.

त्या दिवशीचंही, तीस नोव्हेंबरच्या शर्यतीचं, सांगायला हवं. शर्यतीत प्रत्येकाला छातीवर लावायला नंबराचा कागद मिळतो, त्याला आम्ही बिब म्हणतो. पुढे नंबर आणि नाव, मागे घरच्यांचा फोन. ओंकारचं नाव नोंदवायचं राहून गेलं होतं. माझा गुडघा दुखत होता, मी पळणार नव्हतो. सगळ्या गटाची बिबं आदल्या दिवशी तोच घेऊन आला होता. त्यानं माझं बिब लावलं. पळायची हौस दांडगी होती त्याची. त्याला अडवायला हवं होतं, असं आता वाटतं. पण यात कुणाचाच दोष नाही, असं डॉक्टरांचंही मत पडलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमचा गट त्याच्या आठवणीसाठी पळणार आहे. तुम्ही आणि आई आलात तर सगळ्यांना बरं वाटेल. गाडी पाठवू.

आपला,
शामकांत धर्माधिकारी

*

मु. चिंचवस्ती, ता. नेवासा
२४ डिसेंबर २०२५

शामकांत काका यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. सहादेव हवालदारांचा फोन दोन दिवसांनी आला. तुम्ही लिहिलं तेच त्यांनी सांगितलं.

मी अंगणवाडीत सेविका आहे, लिहायची सवय आहे. माझा नंबर खाली देत नाही. फोन करू नका. फोनवर बोललेलं मागं राहत नाही, आणि माणूस नंतर म्हणतो की मी तसं म्हटलंच नव्हतं. जे असेल ते कागदावर लिहा.

ह्यांना ताप होता. शुक्रवारपासूनच होता. शनिवारी फोनवर मी म्हटलं, ‘नका जाऊ. शर्यत कुठं पळून चाललीय?’ हे म्हणाले, ‘गोळी घेतलीय. शामकाकांना शब्द दिलाय.’ मी चिडले. म्हटलं, ‘शब्द दिलाय तर जा मग.’ हे हसले आणि फोन ठेवला.

तुम्ही लिहिता, ह्यांना हौस होती. हौसेला कुणी शब्द देत नाही. तो शब्द कसला होता?

पेपरात चार ओळी आल्या, तुम्ही वाचल्या असतील. ‘दुसऱ्याचा क्रमांक परस्पर लावून धावणाऱ्या तरुणाचा मृत्यू.’ आमच्या वस्तीवर पेपर एकाच घरी येतो, पण त्या ओळी सगळ्यांना पाठ आहेत. हे सुट्टीला आले की पाटाच्या कडेनं पळायचे. तेव्हा लोक हाका मारायचे, ‘ओंकार, भरती सरली की रं, आता कुनीकडं?’ हे न थांबता म्हणायचे, ‘तुमच्याच घरी, च्या टाका.’ खरंच कुणीतरी टाकायचंसुद्धा. तीच माणसं आता मला बघून बोलायची थांबतात. ह्यांच्या आईंसमोर मात्र थांबत नाहीत, त्यांना तोंडावर ऐकावं लागतं. मागच्या आठवड्यात गिरणीत एकजण म्हणाला, ‘बायडाबाई, पोरगं लोकाचा नंबर चोरून पळालं म्हनं.’ आई दळण तिथंच टाकून आल्या. घरी येऊन मला विचारतात, ‘रेश्मा, नंबर चोरत्यात व्हय गं? काय भाव हाय त्येचा?’

अजून एक. दवाखान्यात मी पोचले तेव्हा ह्यांच्या मनगटाला चिकटपट्टी होती आणि तिच्यावर तुमचं नाव होतं. मी नर्सबाईंना म्हटलं, हे नव्हेत, माझे वेगळे आहेत, त्यांचं नाव ओंकार गव्हाणे. मला खरोखर वाटलं की चुकीच्या खोलीत आणलंय. क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी चादर काढली.

तेव्हा मला नीट सांगा. बिब ह्यांनी घेतलं की तुम्ही दिलं? हे पडले तेव्हा जवळ कोण होतं? सकाळी शर्यत झाली, आणि मला दुपारी बाराला का कळलं?

आठवणीच्या पळण्याला आम्ही येणार नाही. गाडी पाठवू नका.

रेश्मा ओंकार गव्हाणे

*

भिंगार
३० डिसेंबर २०२५

रेश्माताई यांस,
नमस्कार.

तुमचं पत्र टेबलावर आहे. लिहायला बसतो आणि उठतो, असे चार-पाच दिवस गेले.

बिब मी दिलं. ‘त्यानं लावलं’ असं मी लिहिलं, ते अर्धंच होतं. मुंबईच्या मोठ्या शर्यतीत पूर्ण मॅरेथॉन पळावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा. एकसष्टी झाली, आणखी किती वर्षं पाय चालतील सांगता येत नाही. तिथं प्रवेश मिळवायला आधीच्या एखाद्या अर्ध्या मॅरेथॉनच्या वेळेचा दाखला लागतो. बिबच्या मागे चिप असते, ती वेळ नोंदवते. कोण पळतंय हे तिला कळत नाही. गुडघ्यामुळे माझी वेळ बसेना. ओंकार माझ्यापेक्षा कितीतरी वेगानं पळणारा. मी म्हटलं, ‘माझं बिब लावून पळ, पण जोरात नको हां, माझ्या वयाला शोभेल असं पळ.’ तो हसला. म्हणाला, ‘काका, हळू पळायलाच जास्ती दम लागतो.’ पण हो म्हणाला. हाच तो शब्द.

आमच्या पळणाऱ्यांत हे चालतं. दरवर्षी कुणी ना कुणी करतं. कुणी आजारी पडला तर मित्राला बिब देतो, कुणाला दाखला हवा असतो. नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याला चोरी कुणी म्हणत नाही.

तापाचं मला माहीत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी बिबं द्यायला आला तेव्हा डोळे लाल दिसले होते. मला वाटलं, रात्रपाळीचं जागरण असेल. पाणी विचारलं, तर नको म्हणाला.

तो एकटा नव्हता. चांदबिबी महालाची चढण संपून रस्ता उतरायला लागतो, तिथं पाण्याचं टेबल होतं. त्या टेबलाजवळच तो खाली बसला. टेबलावर हर्षल म्हणून एक गृहस्थ होते, नगरमध्ये त्यांचं औषधाचं दुकान आहे. त्यांनीच त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घेतलं आणि दवाखान्यापर्यंत सोबत गेले. चांगला माणूस.

उशीर झाला याचं कारण असं की बिबच्या मागे माझ्या घरचा नंबर होता, आणि त्या सकाळी आमच्या भागात मोबाईलला रेंज नव्हती. आमच्या गटातला अनिमेष मीच पडलो असं समजून दवाखान्यात धावत गेला. त्यानं ओंकारला ओळखलं, तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि मग पोलिसांनी कंपनीतून नंबर मिळवून तुम्हाला कळवलं.

एक विनंती करतो. अकस्मात मृत्यूची चौकशी आता संपत आली आहे. शर्यतीचे संयोजक काकासाहेब यांचं म्हणणं, आणि माझंही, की ती शांतपणे संपू द्यावी. पेपरातल्या ओळी लोक विसरतात. गिरणीतला तो माणूसही विसरेल. फाइल एकदा बंद झाली की तुम्हालाही थोडं मोकळं वाटेल.

आईंना नमस्कार सांगा.

शामकांत धर्माधिकारी

*

मु. चिंचवस्ती, ता. नेवासा
११ जानेवारी २०२६

श्री. धर्माधिकारी यांस,

शुक्रवारी मी नगरला आले होते. विचारत विचारत हर्षल यांचं दुकान शोधलं. त्यांना वाटलं, मी औषध घ्यायला आले. चिठ्ठी मागितली. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला बसायला स्टूल दिलं.

मी म्हटलं, ‘त्या दिवशी रेंज नव्हती ना?’

ते म्हणाले, ‘कोण म्हणालं वहिनी? मीच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. पुरुषाचा आवाज. मी विचारलं, शामकांत धर्माधिकारींच्या घरून बोलताय का? ते पडलेत, ताबडतोब दवाखान्यात या. तर समोरून म्हणाले, राँग नंबर. पुन्हा लावला तर बंद. मी म्हटलं, घाईत नंबर चुकीचा लिहिला असेल यांनी.’

मग मी विचारलं, हे काही बोलले का. ते सांगायला तयार नव्हते. मी उठेना, तेव्हा सांगितलं.

‘शुद्ध होती त्यांना. ॲम्ब्युलन्समध्ये मी विचारलं, नाव काय तुमचं? म्हणाले, शामकांत. मी बिबवर बघितलं, बरोबर होतं. वय जरा कमी वाटलं, पण पळणारी माणसं दिसतातच तशी. म्हटलं, घरी कोण आहे, कुणाला बोलवू? तर पुन्हा तेच म्हणाले, शामकांत. त्यानंतर काही बोलले नाहीत.’

कुणी विचारलं तर माझं नाव सांग, असं तुम्ही ह्यांना बजावलं होतं. तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण त्याशिवाय असं होणार नाही. ह्यांना दिलेला शब्द फार महत्त्वाचा वाटायचा. आमच्या लग्नात टेम्पोवाल्याला हो म्हटलं होतं म्हणून दुसरा स्वस्तात मिळत असताना घेतला नाही. मी अजून त्यावरून चिडवायची. हे जाताना माझं नाव घेऊ शकले असते. आईंचं घेऊ शकले असते. तुमचं घेतलं.

दहा वाजेपर्यंत हे जिवंत होते. तुमच्याकडे फोन आला तेव्हा आठही वाजले नव्हते. मी पोचले असते. वाचले असते असं मी म्हणत नाही, डॉक्टर म्हणतात कदाचित नाही. पण ‘ताप कधीपासून होता’ हे ते विचारत होते आणि सांगायला कुणी नव्हतं. मला माहीत होतं ते. मी त्या वेळी भाकरी थापत होते. मोबाईल चुलीशेजारच्या फळीवर होता, रेंज भरलेली होती.

दुकानातून मी ठाण्यात गेले. सहादेव हवालदार भले आहेत. त्यांनी तुमचा जबाब वाचून दाखवला. ‘सदर क्रमांक मयत इसमाने मला न विचारता परस्पर वापरला.’ खाली तुमची सही. तारीख एक डिसेंबर. म्हणजे ह्यांना अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या सकाळी. तुम्ही मला पहिलं पत्र लिहिलंत तेव्हा ती सही वाळून पंधरा दिवस झाले होते. पेपरातला ‘परस्पर’ हा शब्द कुठून आला, ते मला तिथं कळलं.

मला तुमच्याकडे काही मागायचं नव्हतं. तुम्ही पहिल्या पत्रात खरं लिहिलं असतं तर कदाचित मी रडले असते आणि गप्प बसले असते. आता मागते.

ह्यांच्या वाटणीला काय होतं ते तुम्हाला सांगते. रान तीन भावांत वाटलेलं, त्यातलं खडकाळ ह्यांच्याकडे आलं. नोकरी कंत्राटी, दर सहा महिन्यांनी पुन्हा चिठ्ठी. भिंगारची खोली भाड्याची. अंगावरचा गणवेश कंपनीचा, तोसुद्धा परत द्यावा लागला. पळणं एवढंच ह्यांचं स्वतःचं होतं. ते कुणी दिलेलं नव्हतं आणि कुणाचं घेतलेलंही नव्हतं. लग्न झालं तेव्हा हे पहाटे पाटावर पळायचे आणि मी मोबाईलवर वेळ लावून पुलावर उभी राहायची. माझं काम तेवढंच, आले की आकडा सांगायचा. चांगला आला तर दिवसभर शिट्टी वाजवायचे. वाईट आला तर म्हणायचे, मोबाईल बिघडलाय. तेच पळणं तुम्ही सरकारी कागदावर चोरीचं करून ठेवलंत.

जबाब बदला. ‘बिब मी दिलं, माझ्या कामासाठी दिलं, नाव मी सांगायला लावलं.’ एवढंच. नुकसानभरपाई नको, तुमच्या गटाची वर्गणी नको. आई अजून गिरणीत जात नाहीत. मी दळण शेजारच्या गावाहून आणते.

रेश्मा गव्हाणे

*

भिंगार
१७ जानेवारी २०२६

रेश्माताई यांस,

हर्षल यांनी सांगितलं ते खरं आहे. रेंज होती.

मागच्या वर्षी संयोजकांनी बिबच्या मागचे नंबर फिरवून अदलाबदल करणारे दोघे पकडले होते. ‘तुमचे अमुक अमुक पडलेत’ असं सांगायचे. समोरचा म्हणायचा, ‘अहो मी तर घरीच आहे,’ आणि सापडायचा. दोघांवर दोन वर्षांची बंदी घातली. आमच्यात त्यावरून खूप हसणं झालं होतं. तो फोन आला तेव्हा मला वाटलं, ओंकारला पकडलं आणि आता माझी खात्री करून घेताहेत. काय बोललं तर सुटेन, एवढाच विचार डोक्यात आला. राँग नंबर म्हटलं आणि फोन बंद करून ठेवला.

थोड्याच वेळापूर्वी मोबाईलवर मेसेज आला होता. ‘अभिनंदन शामकांत, तुम्ही दहा किलोमीटर पूर्ण केले.’ मी तो माझ्या पत्नीला, यामिनीला, दाखवला होता. ती म्हणाली, ‘तुम्ही तर इथे पोहे खाताय.’ आम्ही दोघं हसलो. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, ‘कोण होतं?’ मी म्हटलं, ‘कुणी नाही.’ दुपारी तिला सगळं कळलं. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. ताट वाढते आणि आत जाते.

नाव सांगण्याचंही मी म्हटलं होतं. हसत म्हटलं, पण दोनदा म्हटलं.

जबाबाचं सांगतो. एक तारखेला काकासाहेब तो टाइप करूनच घरी घेऊन आले. म्हणाले, ‘शामराव, गेलेल्याला काय फरक पडतो? राहिलेल्यांचं बघा. परवानगी गेली, शर्यत बंद पडली, तर पोरांनी पळायचं कुठं?’ न वाचता सही केली, असं तुम्हाला लिहिणार होतो. तसं नाही. चष्मा लावून पूर्ण वाचला. आयुष्यभर शाळेत दुसऱ्यांचे अर्ज तपासले, कागद न वाचता सही करण्याची मला सवयच नाही.

तुमचं पत्र आल्यावर काकासाहेबांकडे गेलो. जबाब बदलावा म्हणतो, असं बोललो. ते उठून उभे राहिले. ‘खोटा जबाब दिला म्हणून गुन्हा तुमच्यावर लागेल, माझ्यावर नाही. सही तुमची आहे. वकील तुम्ही बघा.’ चहा आला होता, तो तसाच राहिला. रेश्माताई, या वयात पोलिसांच्या दारात आरोपी म्हणून उभं राहायचं धैर्य माझ्यात नाही. ते असतं तर त्या सकाळी फोनवर नीट बोललो असतो.

मी पळणं सोडलं आहे. पाचला जाग येते. बूट घालतो, पायरीवर बसतो आणि उजाडलं की काढून ठेवतो. गटातली मुलं समोरून जातात, हात करतात. त्यांना यातलं काही माहीत नाही.

हे पत्र तुम्ही आईंना वाचून दाखवा. गावात त्या गिरणीवाल्याला दाखवा, हवं त्याला दाखवा. ओंकारनं चोरलं नाही, मी दिलं. ज्याला शंका असेल त्याला माझं नाव सांगा, मी नाकारणार नाही. पण ठाण्यात नको. एवढं पदरात घ्या.

शामकांत

*

मु. चिंचवस्ती, ता. नेवासा
२२ जानेवारी २०२६

श्री. धर्माधिकारी यांस,

पत्र आईंना वाचून दाखवलं. राँग नंबर म्हणजे काय, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हाताऱ्याला म्हनावं, ठान्यात ये. घरात बसून काय, कुनीबी लिव्हतं.’

गावात तुमचं नाव सांगून काय होणार? इथं तुम्हाला कुणी ओळखत नाही. तुम्ही नाकारलं काय आणि नाही नाकारलं काय. फाइलमध्ये नाव ह्यांचं आहे.

तुम्हाला भीती वाटते हे मला कळतं. मी तुमच्यापासून काही लपवत नाही. सहादेव हवालदारांना मी विचारलं, आता खरं सांगितलं तर काकांवर गुन्हा लागेल का? ते म्हणाले, ‘ते साहेब ठरवतील ताई. मी व्हय म्हणत नाही आणि न्हाई म्हणत नाही.’ पुरवणी जबाब देता येतो, एवढं मात्र त्यांनी नक्की सांगितलं. कागद जाईपर्यंतच देता येतो. नंतर ज्याचं त्यानं वरच्या कचेऱ्यांत फिरायचं.

सव्वीस जानेवारीची सुट्टी झाली की चौकशीचे कागद प्रांत कार्यालयात जायचे आहेत. बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, दुपारी ते निघतील. तोवर हवालदार थांबतील. त्यांनी वहीत तशी खूण केलेली मी पाहिली.

तुमची तिन्ही पत्रं मी पिशवीत घेऊन येणार आहे. ती मी ठाण्यात दाखवू शकते, आणि पहिल्याच पत्रात कागदावर लिहा असं मी म्हटलं, तेव्हा माझ्या मनात तेच होतं. पण आता मला तसं करायचं नाही. मी पत्रं टेबलावर ठेवली तर मेलेल्याच्या बायकोनं म्हाताऱ्याला पकडलं, एवढंच होईल. ह्यांचं नाव तुम्ही खाली ठेवलंत, ते तुम्हीच उचलायला पाहिजे. तुम्ही आलात तर पिशवी उघडणार नाही, जबाब झाला की पत्रं तुमच्या हातात देईन. नाही आलात तर कागद निघायच्या आधी मी ती टेबलावर ठेवीन. तेवढं मला करावंच लागेल.

नेवाशाहून सकाळी आठची एसटी आहे. दहापर्यंत आम्ही ठाण्यात असू. बाहेर बाकडं आहे, तिथं बसतो. आई सोबत आहेत. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नाही. तेव्हा त्यांच्या डाव्या हाताला बसा, आणि जबाब मोठ्यानं द्या.

रेश्मा ओंकार गव्हाणे